तिला कोण धुणार?

विचारलं नाहीत तुम्ही. एवढंच तर करायचं होतं. फोन उचलण्याआधी "काढू का?" म्हणायचं होतं, आणि समोरून "नको" आलं की फोन खाली ठेवायचा होता. पण "नको" म्हणजे लाजणं, "नको" म्हणजे नखरा, "नको" म्हणजे आणखी थोडा आग्रह करा, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. म्हातारी माणसं आधी नाहीच म्हणतात, म्हणालात. मग तीच मागे लागतात, म्हणालात. ती मागे लागली नाही. तिने एकच गोष्ट मागितली, आणि ती तुमच्यापैकी एकानेही दिली नाही.

हे मी कुणाला म्हणतेय ते राहू दे. तू नुसतं ऐक. वीज यायला अजून वेळ आहे. दिवा इकडे सरकव, आणि तो तुझा फोन जरा नीट ठेव. पालथा नको. कॅमेरा जमिनीकडे. हं, तसा.

वसंताच्या सुट्टीत मी अल्जियर्सहून घरी चालले होते. काम साधंच होतं. बिय्या आत्याच्या डोळ्यांत घालायचे थेंब गावात मिळत नव्हते, ते राजधानीतून घ्यायचे आणि तिला नेऊन द्यायचे. बाटली मी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती. बस दक्षिणेकडे उतरत गेली, हिरवं संपलं, मग झुडपं संपली, मग नुसता दगड सुरू झाला आणि त्या दगडात आमच्या गावाचा मनोरा दिसायला लागला, तेव्हा मला नेहमीसारखं बरं वाटलं.

बिय्या आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा लवकर गेले, आई त्यांच्याही आधी. मला आत्याने वाढवलं. मला राजधानीत शिकायला पाठवायचं नाही असं नूहकाकांनी ठरवलं होतं, तेव्हा हीच बाई जिन्याखाली उभी राहून धाकट्या भावाला म्हणाली होती, "नूह, तुला लहानपणी मी नाक पुसायला शिकवलंय. मला नको शिकवू." मी गेले. राजधानीत मी हायक घेत नाही. त्यावरून आत्याने कधी अवाक्षर काढलं नाही. "तुझं तोंड, तू ठरव," म्हणायची. "माझं मी ठरवलंय."

तिचं ठरलेलंच होतं. पांढरं लोकरी हायक डोक्यापासून टाचेपर्यंत, आतून मुठीत धरलेलं, आणि फटीतून बाहेर फक्त उजवा डोळा. जन्मभर गल्लीतलं ऊन, वाळू, वारा त्या एका डोळ्याने सोसला. तो पिकला होता, कडेला सुरकुत्यांचं जाळं आणि बुबुळावर सायीसारखा पडदा. डावा मात्र सतत सावलीत राहिलेला. घरात तिने हायक उतरवलं की मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. म्हाताऱ्या चेहऱ्यात विशीतल्या मुलीचा असावा तसा एक काळाभोर डोळा. तो डोळा घराबाहेर कुणी पाहिला नव्हता.

म्हणजे, एकदा पाहायला निघाले होते. आत्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. फ्रेंच शिपायांनी बायकांना भिंतीशी ओळीने उभं केलं, तोंडावरची कापडं उतरवायला लावली आणि ओळखपत्रासाठी एकेकीचा फोटो काढला. आत्याची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. शिपायाने थोबाडीत मारली. तिने उघडले, त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तिने पुन्हा मिटले. शेवटी कंटाळून त्याने मिटल्या डोळ्यांचाच फोटो काढला. हे ती हसत सांगायची. "तोंड नेलं मेल्याने. डोळे काही मी दिले नाहीत."

आत्याचं आणखी एक सांगायला हवं. ती मयत धुणाऱ्या बायकांपैकी होती. गावात कुठलीही बाई गेली की पाच-सहा जणींना बोलावणं यायचं, त्यांत आत्या असायचीच. तिचं एक बोचकं कायम बांधलेलं असे. त्यात कापूर, पांढरं कापड, आणि नाकाकानात घालायचे कापसाचे बोळे. ते ती दुपारी गप्पा मारता मारता वळत बसायची, दुसऱ्या बायका वाती वळाव्यात तशी. धुणारीने जे पाहिलं ते ती कुणाला सांगत नाही, हा नियम सगळ्याच पाळतात. आत्याची स्वतःची एक रीत होती. मयताच्या तोंडावरचं कापड उचलण्याआधी ती वाकून म्हणायची, "मी बिय्या. तोंड उघडते गं. माफ कर." आणि थांबायची.

लहान असताना मी विचारलं होतं, "मेलेली बाई काय उत्तर देणार?"

"ते तिचं ती बघेल. आपण थांबायचं."

"किती वेळ?"

"नाही म्हणायचं असेल तर म्हणता येईल, इतका."

मेलेल्या बाईला नाही म्हणता यावं म्हणून थांबणारी बाई. आणि तिच्याच घरात...

असो. क्रमाने सांगते.

मी पोहोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती, सगळं गाव झोपलेलं. आमच्याकडे दुपारी घराबाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत गारवा असतो. मधल्या चौकात छताला लोखंडी जाळी, तिच्यातून उन्हाचा एक चौकोन खाली उतरतो आणि जमिनीवरून सरकत राहतो. बाकी सगळा अंधार. त्या अंधाराला लोकरीचा, माठातल्या पाण्याचा आणि कापराचा वास होता. कापराचा जरा जास्तच.

आत्या हातमाग लावलेल्या भिंतीशी चटईवर पडलेली होती. तिने हायक पांघरलं होतं. घरात, झोपताना, डोक्यावरून. फटीतून उजवा डोळा माझ्याकडे बघत होता.

"आत्या? थंडी वाजतेय का?"

"दार लाव."

"मी इझ्झा आहे गं. माझ्यासमोर कसलं हायक?"

"तू आहेस ते दिसतंय. तुझ्या पिशवीतलं दिसत नाही. तो फोन बाहेर काढ, आणि मला ते दाखव. सगळ्यांनी बघितलंय म्हणे. मीच तेवढी राहिलेय."

काय दाखवायचं ते मला कळेना. मग मी आमच्या कुटुंबाचा ग्रुप उघडला. बसमध्ये आवाज बंद होता म्हणून मी पाहिलाच नव्हता. खाली हृदयांची आणि "माशाल्ला"ची रांग लागली होती, आणि वर फोटो होता.

चांगला फोटो होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे मला हेच सांगत राहिले, जणू मला दिसत नव्हतं. वरून काढलेला. उन्हाचा चौकोन नेमका आत्याच्या चेहऱ्यावर आलेला, प्रत्येक सुरकुती सोन्याची, ओठ जरासे विलग, दोन्ही डोळे मिटलेले. डोक्यावर काही नाही. पांढऱ्या वेण्या चटईवर सांडलेल्या. चित्रच. हम्मूने काढलेलं. हम्मू म्हणजे नूहकाकांचा मुलगा, वरच्या मजल्यावर राहणारा. खाली त्याने लिहिलं होतं: "विश्रांती. समुद्रापलीकडच्या प्रदर्शनात निवड. दुआ करा."

मग माझ्या लक्षात आलं की फोटो वरून आहे. म्हणजे तो गच्चीवर गेला होता. जाळीवर पालथा पडून त्याने फोन खाली धरला होता. आमच्याकडे गच्ची बायकांची. पुरुषाला चढायचंच असेल तर तो जिन्याखालून दोनदा खाकरतो, वरून "ये" असं आलं तरच पायरी चढतो. माझे आजोबा नव्वदीतही खाकरायचे. हम्मू खाकरला नव्हता. खाकरला असता तर ती जागी झाली असती, आणि मग फोटो कुठला.

आत्याने हायकमधून हात काढून फोन घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब नेला. कितीतरी वेळ बघत राहिली. धुणाऱ्या बाईचं बघणं होतं ते.

"ही झोपलेली नाही," ती म्हणाली.

"तूच आहेस, आत्या. झोपेत."

"इतकी मयतं धुतली मी, मला कळत नाही होय? हनुवटी बघ. ही गेलेली आहे." फोन तिने चटईवर पालथा ठेवला. "आणि अजून धुतलेली नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. तिने हात वर केला.

"ऐक. मी दमलेय, मला जायचंय. त्याचं काही नाही. मला बायका धुतील, मेन्नाना आहे, ती चांगलं धुते. पण ती?" तिने फोनकडे बोट केलं. "तिला कोण धुणार? ती अशीच उघडी पडून राहणार, येणारा-जाणारा बघत राहणार. मी जायच्या आत ते पुसून टाकायला लाव त्याला. एवढं कर. बाकी मला काही नको."

"मग तूच त्याला खाली बोलावून..."

"सांगितलं. हसला. 'आत्या, तू तर हिरोईन झालीस,' म्हणाला. माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेला." उजव्या डोळ्याला पाणी आलं होतं. डावा मला दिसत नव्हता. "शिपाई निदान हसला नव्हता गं."

मी थेंबांची बाटली काढली. तिने नको म्हटलं. मी आग्रह केला नाही.

हम्मू वर दिवाणखान्यात चहा पीत बसला होता, नूहकाकाही होते. मला बघून दोघांनी माझ्यासाठी गादी सरकवली. हम्मू वाईट मुलगा नाही. याचाच मला आणखी संताप येतो. वाईट असता तर सोपं होतं.

"ये, राजधानीच्या बाईसाहेब," तो म्हणाला. "बघितलास? बोल, कसा आलाय?"

"पुसून टाक."

"काय?"

"ग्रुपमधून काढ, फोनमधून काढ आणि प्रदर्शनवाल्यांना कळव की परवानगी नाही. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "इझ्झा, मी तिचा भाचा आहे. माझ्यासमोर ती तोंड झाकत नाही. शरियतने मला ते तोंड बघायची मुभा दिलीय की नाही? मग जे मी बघतो ते काढलं तर कुठे बिघडलं?"

"बघणं तुझं आहे. दाखवणं तुझं नाही."

"अगं, लोक रडतायत तो फोटो बघून. तिकडच्या परीक्षकबाईंनी काय लिहिलंय माहितीये? म्हणे, या चेहऱ्यात अख्खं वाळवंट आहे."

"तिला वाळवंट व्हायचं होतं का, विचारलंस?"

काका हसले. "इझ्झा, कॉलेजात हेच शिकवतात का गं? घरच्यांशी भांडायला? म्हाताऱ्यांचं असंच असतं, आधी नाहीच म्हणतात, मग तीच मागे लागतात. अगं, ते फ्रेंच शिपाई परके होते. तेव्हा अब्रूचा प्रश्न होता. हा तर घरचाच पोरगा."

"म्हणून तर," मी म्हणाले. "शिपाई गेला की दार लावता येतं. घरच्या पोराला कुठलं दार लावायचं, काका? आणि तो गच्चीवर चढला तेव्हा खाकरला होता का, ते विचारा त्याला."

काकांचं हसू जरा उतरलं. त्यांनी हम्मूकडे पाहिलं. हम्मू पेल्यातल्या पुदिन्याकडे बघत होता. पण काकांनी त्याच्या पेल्यात आणखी चहा ओतला. समुद्रापलीकडे नाव झालेला मुलगा होता तो.

"बघतो," हम्मू म्हणाला. "आता लगेच काढला तर बरं दिसणार नाही. प्रदर्शन होऊ दे. मग काढतो. ती कुठे चाललीय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, ती गेली. मी शेजारीच होते. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत तिच्या पायांवर आला, मग गुडघ्यांवर, आणि तो छातीपर्यंत पोहोचायच्या आत तिने हायक ओढून तोंड पूर्ण झाकून घेतलं. त्या आधी माझा हात दाबून विचारलं, "पुसलं?" मी खोटं बोलू शकले असते. तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "नाही," म्हटलं. तिने माझा हात सोडला.

मेन्नाना आणि बाकीच्या बायका आल्या. मेन्नाना आत्याहून थोडी लहान, जाडजूड, आयुष्यभर तिच्याबरोबर मयतं धुतलेली. आत्याची रीत तिला ठाऊक होती. ती वाकली, म्हणाली, "मी मेन्नाना. तोंड उघडते, बिय्या. माफ कर." आणि थांबली.

किती तरी वेळ थांबली. कोपऱ्यातल्या माठातून थेंब पडत होता. टप... मग पुन्हा टप... मेन्नानाचा हात कापडाच्या टोकावर तसाच होता. मग तिने टोक उचललं, आत बघितलं.

आणि हळूच परत ठेवलं.

"तू बाहेर जा, इझ्झा," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

मी पडद्याबाहेर उभी राहिले. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मी अशा वेळी लहानपणी पुष्कळदा बाहेर थांबलेले आहे, इतकं पाणी कधी लागत नाही. मग मेन्नाना बाहेर आली. कोपरापर्यंत भिजलेली, पांढरी पडलेली.

"काय झालं?"

"मी सांगणार नाही, तुला माहितीये." ती भिंतीला टेकली. "हाताखाली काही... आम्ही धुतोय, धुतोय आणि..." तिथे तिने स्वतःला आवरलं. "तुझ्या भावाने जे नेलंय ते त्याला परत आणायला सांग. आज. पुरायच्या आत."

मी जिना चढले नाही, धावले. हम्मू रडत होता, खरंच रडत होता. फोन हातात. ग्रुपवर त्याने तोच फोटो पुन्हा टाकला होता, या वेळी काळी चौकट करून. आत्या गेली, दुआ करा.

मी त्याच्या हातातून फोन ओढला. पुसून टाकणार होते. बोट काचेवर नेलं आणि थांबले.

फोटोत तिचा उजवा डोळा मिटलेला होता. डावा उघडा होता.

तो तरुण, काळाभोर डोळा जाळीतून सरळ वर बघत होता. जिथे फोन धरलेला होता तिथे. फोन धरणाऱ्याकडे.

"हम्मू," मी म्हटलं, "हा... असा होता?"

त्याने नाक पुसत पाहिलं.  मग म्हणाला, "उन्हाची तिरीप असेल. मोठा करून बघितला की असं दिसतं." आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.  पण फोटो त्याने पुसला नाही. त्याच संध्याकाळी आत्याला पुरलं.

त्यानंतर मी परत आले, लेक्चरं सुरू झाली. काकूचे फोन यायला लागले. काकू म्हणजे हम्मूची आई. आधी इकडचं-तिकडचं बोलायची, मग मुद्द्यावर यायची. हम्मू दुपारी झोपला की ओला उठतो. घाम नव्हे, नुसतं तोंड ओलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानांच्या मागेसुद्धा. उशी भिजलेली. "आणि इझ्झा, कापराचा वास येतो गं. घरात कापूर नाहीये. बोचकं मी मेन्नानाकडे देऊन टाकलं."

"हम्मू काय म्हणतो?"

"म्हणतो, उकडतं." मग अगदी हळू म्हणाली, "आणि गच्चीच्या जिन्याखाली दुपारी कुणीतरी खाकरतं. दोनदा. यांना वाटलं पाहुणे आले. बघितलं तर कुणी नाही. वरून 'ये' म्हणायला कुणी नसतं ना आता... मग ते तसंच थांबून राहतं. आम्हाला जिन्यावरून जायला नको वाटतं."

मी खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला राग आला. काकू मला एखाद्या पीराला विचारावं तसं विचारत होती, आता काय करायचं. काय करायचं ते एका म्हातारीने स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. तेव्हा ते "म्हाताऱ्यांचं असंच असतं" होतं. बाई जिवंत असताना तिचं "नको" कुणाला ऐकू येत नाही, आणि मेल्यावर तिचं खाकरणं ऐकून घर थरथरतं.

सुट्टी पडताच मी पुन्हा गेले. हम्मूला पासपोर्ट काढायचा होता, जिल्ह्याच्या गावी कचेरीत बोलावलं होतं. मी त्याच्याबरोबर निघाले. त्याला बरं वाटलं असावं. तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं. नवा सदरा, दाढी घोटलेली, आणि हातात रुमाल, सारखा तोंड पुसत होता. तोंड कोरडं होतं तरी.

सकाळची वेळ. कचेरीत पंखे फिरत होते, बाकांवर माणसं, लहान मुलं, कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया सोलत होतं. आम्ही भिंतीशी उभे राहिलो.

"पुसलास?" मी विचारलं. आत्याचाच शब्द माझ्या तोंडून आला.

"माझ्या फोनमधून काढलाय. ग्रुपमधून पण." तो खाली बघून बोलत होता. "तिकडचा आता माझ्या हातात नाही. पहिलं बक्षीस दिलंय, छापलाय त्यांनी. भिंतीएवढा. शहरभर पोस्टर लागलेत म्हणे."

"त्यांना लिहून कळव, परवानगी नव्हती."

"मग बक्षीस परत घेतील."

"घेऊ देत."

 रांग एका माणसाने पुढे सरकली, आम्ही सरकलो.

"ती येते," तो म्हणाला. इतक्या हळू की मला वाकावं लागलं. "दुपारी. मी झोपेत असतो, पण मला कळत असतं. डोक्याशी बसते. म्हणते, 'मी बिय्या. तोंड उघडते रे. माफ कर.' आणि थांबते, इझ्झा. खूप वेळ थांबते. मला नाही म्हणायचं असतं. मी जीव तोडून... पण झोपलेल्या माणसाला कुठून..." त्याने रुमाल तोंडावर दाबला. "मग गार पाणी लागतं."

 मला म्हणायचं होतं, बघ, ती अजूनही विचारते. तू एकदाही विचारलं नाहीस. पण त्याचं तोंड बघून मी नाही बोलले.

"अजूनही वेळ आहे, लिही," एवढंच म्हणाले. "इथून बाहेर पडल्यावर लगेच लिही. मी बसते तुझ्याजवळ. भिंतीवरून उतरवू दे त्यांना तो."

"पासपोर्टचं होऊ दे," तो म्हणाला. "एकदा जाऊन येतो. बक्षीस घेतो, आणि मग उतरवायला सांगतो. शपथ."

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं.

पांढऱ्या पडद्यापुढे एक स्टूल होतं, समोर खांबावर छोटा कॅमेरा. खिडकीच्या आत चष्मेवाली एक बाई, नजर समोरच्या संगणकाच्या पडद्यावर. सकाळपासून शेकडो तोंडं बघून कंटाळलेली. हम्मू बसला, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तोंड कोरडं आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. होतंच.

"सरळ बघा," बाई पडद्याकडे बघत म्हणाली. खट् असा आवाज झाला. "डोळे मिटलेत. पुन्हा."

हम्मूने डोळे टक्क उघडे ठेवले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. खट्.

"अहो, मिटताय पुन्हा. आणि केस कसे ओले इतके? जाऊ दे. पुन्हा एकदा."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हम्मूच्या कपाळावरची शीर उडत होती. त्याने दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली, डोळे इतके ताणून उघडले की पांढरं सगळीकडून दिसायला लागलं. कुठूनसा कापराचा वास आला. पंखे फिरतच होते. खट्.

बाईने चष्मा वर सरकवला, पडद्याच्या जवळ झुकली आणि वैतागून उसासा टाकला.

"भाऊ, शेवटचं सांगते, डोळे उघडा. आणि आधी ते नाकातले कापसाचे बोळे काढा बघू."